दुसऱ्याच्या हातचं घड्याळ

जुनं कपाट, जुनी स्कूटर, जुनी शिलाई मशीन घेताना आपल्याला काही वाटत नाही. पण दुसऱ्यानं वापरलेलं घड्याळ म्हटलं, की घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. 'त्याची वेळ आपल्या हातावर कशाला?' असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. आमच्या ह्यांना मात्र जुन्या घड्याळांचं वेड. मॅट्रिक झाल्यावर वडिलांनी दिलेलं एचएमटी त्यांनी पंचवीस वर्षं वापरलं, मग टायटन आलं. पण मन अडकलेलं होतं ते जपानी घड्याळात. आमच्या तरुणपणी सीको किंवा सिटिझन हातात दिसलं, की त्या माणसाचं कुणीतरी दुबईला आहे हे न विचारता कळायचं. गंमत म्हणजे आपलं एचएमटीसुद्धा १९६१ साली सिटिझन कंपनीच्याच सहकार्यानं बंगलोरला सुरू झालं होतं.

निवृत्त झाल्यावर ह्यांनी पंचवीस हजार रुपये बाजूला काढले आणि जाहीर केलं, 'आता एक चांगलं जपानी क्वार्ट्झ घ्यायचं, जुनं का होईना.' मला प्रश्न पडला, की सेलवर चालणाऱ्या घड्याळासाठी पंचवीस हजार? फुहाऱ्याच्या बाजारात तीनशे रुपयांतही वेळ मिळते!

त्यावर मला जे व्याख्यान ऐकावं लागलं, ते थोडक्यात असं. सीकोनं जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ २५ डिसेंबर १९६९ रोजी विक्रीला आणलं. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे त्या वेळी जपानात जवळजवळ एक छोटी मोटार आली असती. स्वस्त झालं ते पुढे. घड्याळातला स्फटिकाचा इवलासा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो, आणि त्या ठोक्यावर काटा पुढे सरकतो. पण हा स्फटिक हवामानाचा नाजूक. फार उकाडा झाला तरी मंदावतो, फार गारठा पडला तरी मंदावतो. आमच्या जबलपुरात मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो आणि जानेवारीत स्वेटरवर शाल घ्यावी लागते. साध्या क्वार्ट्झ घड्याळाचे महिन्याला दहा-पंधरा सेकंद इकडचे तिकडे होतात ते यामुळेही. १९७८ साली सीकोनं 'ट्विन क्वार्ट्झ' काढलं. त्यात दोन स्फटिक. दुसऱ्यानं तापमानाचा अंदाज घ्यायचा आणि पहिल्याची चूक दुरुस्त करायची. 'ग्रँड क्वार्ट्झ' हे त्या काळातलं वरच्या दर्जाचं नाव. पुढे १९८८ साली ग्रँड सीकोमध्ये क्वार्ट्झ आलं आणि १९९३ साली त्यांचं प्रसिद्ध नाइन-एफ मशीन. वर्षाला फार तर दहा सेकंद मागेपुढे. अशा नव्या ग्रँड सीकोची किंमत लाखांत. म्हणून ह्यांची नजर तिच्या थोरल्या बहिणीवर.

तर हे सगळं चाललेलं असताना ती थोरली बहीण आमच्या अधारतालमध्येच, दोन गल्ल्या सोडून, एका लोखंडी कपाटात पडलेली होती.

राणी दुर्गावतीचे मंत्री आधारसिंह यांच्या नावानं ओळखलं जाणारं हे तळं आणि त्याच्या भोवतीची वस्ती. १९६४ साली कृषी विश्वविद्यालय झालं तेव्हापासून इथे शेतीतज्ज्ञांची बरीच घरं आहेत. तशाच एका घरातल्या काकू. काका जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगा नागपूरला. घर विकून काकूही तिकडे निघाल्या होत्या. आवराआवर करायला मी जात असे. एके दिवशी त्यांनी रुमालात गुंडाळलेलं एक घड्याळ माझ्यापुढे ठेवलं.

"तुझ्या नवऱ्याला आवड आहे ना? दोन हजार दे आणि घेऊन जा. बंदच आहे."

मी घरी आणलं. ह्यांनी चष्मा पुसला, भिंग काढलं आणि बराच वेळ बोललेच नाहीत. डायलवर 'जीक्यू' ही गुंफलेली अक्षरं, खाली 'ट्विन क्वार्ट्झ'. मागच्या झाकणावरचा क्रमांक वाचला. त्या काळच्या सीकोत पहिला आकडा वर्षाचा आणि दुसरा महिन्याचा असतो. म्हणजे हे १९७९ चं. काका भातशेतीच्या प्रशिक्षणासाठी जपानला गेले होते तेही त्याच सुमाराला.

जुनं क्वार्ट्झ घेताना खरा धोका आत असतो. चावीचं घड्याळ चाळीस वर्षं बंद राहिलं तरी तेलपाणी करून चालतं. क्वार्ट्झचं सर्किट गेलं तर मात्र संपलं, कारण तो भाग आता कुणी बनवत नाही. मेलेला सेल आत राहून गळला तर तो सर्किट खातो. शिवाय मुंबईच्या बाजारात जुन्या मशीनवर नवी डायल रंगवून बसवलेली सीको ढिगानं मिळतात, म्हणून अक्षरांच्या कडा भिंगातून बघायच्या. चावी ओढल्यावर सेकंदकाटा जागच्या जागी थांबायला हवा. आणि पुष्कळ जपानी क्वार्ट्झमध्ये काटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारू लागला, तर ते बिघडलेलं नसतं. सेल संपत आल्याची ती खूण असते.

सदरमधल्या एका म्हाताऱ्या घडीसाजानं झाकण उघडलं. काकांनी कधीतरी सेल काढून ठेवला होता. आत लख्ख! नवा सेल घातला, आणि काटा चालू लागला. प्रत्येक रेघेवर नेमका, न थरथरता.

"चालू आहे म्हणजे तीस हजारांच्या घरात जाईल," हे रिक्षात म्हणाले. मग जरा वेळानं, "दोन हजारांत मी घेणार नाही. आणि तीस माझ्याजवळ नाहीत."

मी गप्प राहिले. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, की काकूंनी स्वतःच भाव सांगितलाय, आपण कुठे फसवतोय? वीस-पंचवीस हजार वाचत होते. पण हे ऐकणाऱ्यातले नव्हेत.

संध्याकाळी आम्ही काकूंकडे गेलो आणि खरी किंमत सांगितली. त्या खूश होतील असं मला वाटलं होतं. त्या भडकल्याच.

"तीस हजार? या डबड्याचे? अगं, तिकडे मिळणारा भत्ता पोटाला चिमटा काढून साठवला आणि हे आणलं! मी शिलाई मशीन आणा म्हणून चिठ्ठीत लिहून दिलं होतं. विमानतळावरून घरी येईपर्यंत माणूस घड्याळातच बघत होता. तेव्हापासून या घड्याळाशी माझा उभा दावा आहे."

मग त्या पदरानं डोळे पुसू लागल्या. ह्यांनी घड्याळ त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "काकू, ठेवून घ्या. मुलाला द्या."

"त्याला मोबाइल पुरतो. तू काय देऊ शकतोस ते सांग."

"पंचवीस."

"वीस दे. पाचाचं त्याला दर वेळी चांगला सेल घाल. काका आळस करायचे."

ह्यांनी चेक दिला आणि एका कागदावर घड्याळाचा क्रमांक, रक्कम, तारीख लिहून दोघांनी सह्या केल्या. जुन्या वस्तूच्या व्यवहारात, ओळखीत तर जास्तच, हा कागद असावा असं माझं मत आहे.

तो कागद महिन्याभरात उपयोगी पडला. नागपूरहून मुलाचा फोन आला. बोलणं अगदी नम्र. पण असंच घड्याळ त्याला कुठेतरी चाळीस हजारांना दिसलं होतं. ह्यांनी सांगितलं, "तुम्ही वीस परत करा, मी उद्या घड्याळ घेऊन येतो." तिकडून "नाही नाही, तसं नाही काका," असं झालं. पुन्हा फोन आला नाही. काकूंचाही आला नाही. दिवाळीला मी केला तेव्हा त्या बोलल्या, पण घड्याळाचं नाव त्यांनी काढलं नाही आणि मीही काढलं नाही.

दर महिन्याच्या एक तारखेला हे सकाळी मोबाइल आणि घड्याळ शेजारी ठेवून बसतात आणि वहीत फरक लिहितात. मे आणि जूनच्या उन्हाळ्यातून गेल्यावरही पाच महिन्यांत ते तीन सेकंद पुढे आहे.