लाकडाला हलायला जागा

श्रावणात केलेला टीपॉय एप्रिलमध्ये फाटला. रात्री ‘टाक्’ असा आवाज झाला, मी दिवा लावला, तर वरच्या फळीत रेषेच्या दिशेनं सरळ भेग. सकाळी बाबांनी कपाटातून व्हर्नियर काढला आणि भेग मोजली. ‘1.8 मिलिमीटर,’ ते म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

बाबांनी वाळूजच्या एमआयडीसीत आयुष्यभर लोखंड मोजलं. मी पुण्यातली नोकरी सोडून घरी आलो, वखारीतून सागवान आणलं आणि गच्चीवर रंधा मारायला लागलो, तेव्हा ते काही बोलले नव्हते. त्यांचं न बोलणंही मापात असतं.

टीपॉयमध्ये चुका भरपूर होत्या. पटाशीला धार नव्हती, त्यामुळे पायांच्या खाचा कुरतडल्यासारख्या झाल्या. फटींमध्ये मी भुसा आणि फेविकॉल भरला. मग लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्यानं पॉलिश चढवलं, तेही भर पावसात. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि पॉलिशवर पांढुरकी झाक येते. तशीच आली. त्यावर मी आईनं विणलेला रुमाल टाकला.

पण ज्यानं फळी फाटली, ती चूक मला चूक वाटतच नव्हती. उलट तिचाच अभिमान होता. तीन फळ्या जोडून केलेला वरचा भाग मी चौकटीला चारही बाजूंनी फेविकॉल लावून, वर स्क्रू पिळून पक्का केला होता. हत्तीनं ओढला तरी निघणार नाही असा.

त्याच आठवड्यात पाहुणे आले आणि त्यांना घेऊन आम्ही वेरूळला गेलो. दहा नंबरच्या लेण्याला लोक ‘सुतार की झोपडी’ म्हणतात. सातव्या शतकाच्या आसपासचं हे चैत्यगृह. आत स्तूप, त्यापुढे बसलेले बुद्ध, आणि वर अर्धगोल छताला ओळीनं वाकवलेल्या तुळया. सगळ्या दगडाच्या.

बाबा मान वर करून बराच वेळ उभे होते. ‘डोंगरच कोरलाय ना? मग तुळयांचं काम काय?’

काम काहीच नाही. त्या कशाचाही भार पेलत नाहीत. आधी अशी सभागृहं लाकडाची बांधत. डोंगरात कोरायला लागल्यावरही कारागिरांनी लाकडाचा आकार सोडला नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बसवलेल्या खऱ्या सागवानी कमानी आजही छताला आहेत. वेरूळपर्यंत येता येता लाकूड गेलं आणि त्याची आठवण दगडात राहिली.

हे बाबांना सांगत असतानाच माझं मला कळलं. इथली तुळई आणि छत एकच दगड आहे. दोघांत सांधाच नाही, कारण दगड पावसात फुगत नाही आणि उन्हात आकसत नाही. मी लाकडाला दगडासारखं वागवलं होतं. सागवान तसं शहाणं लाकूड, तरी तेही पावसाळ्यात रुंदीत फुगतं आणि आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात आकसतं. लांबीत जवळजवळ नाहीच. माझ्या फळीला एप्रिलमध्ये आकसायचं होतं. चारही बाजूंनी धरून ठेवल्यावर ती फाटणारच.

परतीच्या वाटेवर हे बोलून दाखवलं. बाबा म्हणाले, ‘मग स्लॉट द्यायचा. मशीनमध्ये एखादा भाग पुढेमागे करायचा असला, की आम्ही गोल भोक पाडत नाही, लांबट पाडतो.’

मे महिन्यात दोघांनी मिळून फळी सोडवली. भेगेपाशी पूर्ण वेगळी केली, कडा रंध्यानं सरळ करून पुन्हा चिकटवली. चौकटीतली भोकं रेषांना आडवी, लांबट केली. या वेळी फळी आणि चौकट यांच्यात फेविकॉल नाही. जुनं पॉलिश स्पिरिटनं पुसून कोरड्या हवेत नवं चढवलं. शेवटचा स्क्रू मी टेकेपर्यंतच पिळला.

‘अजून एक आटा बसेल,’ बाबा म्हणाले.

‘नको. सरकला पाहिजे.’

हात मागे घेणं त्यांना जड गेलं, पण त्यांनी घेतला. फळी चौकटीबाहेर किती येते ते मोजलं: 20 मिलिमीटर.

जुलैत चांगला पाऊस झाल्यावर त्यांनी स्वतःहून व्हर्नियर काढला. 20.8. भेग नाही. टीपॉय उलटा करून त्यांनी खालच्या बाजूला पेन्सिलीनं तारीख आणि आकडा लिहिला. त्याखाली बरीच जागा मोकळी सोडली, पुढच्या उन्हाळ्यासाठी.