पार्टीला काय घालावे? १८८८ पासूनचा एक प्रश्न

पुण्यात शिकणाऱ्या मारेगावच्या एका मुलाला गेल्या उन्हाळ्यात वर्गमित्राच्या वाढदिवसाचे निमंत्रण आले. शनिवारी रात्री क्लब, रविवारी दुपारी शहराबाहेरच्या रिसॉर्टवर पूल पार्टी. खाली दोन सूचना होत्या. क्लबसाठी : 'स्मार्ट कॅज्युअल. चप्पल, सँडल, हाफ पँट चालणार नाही.' पूलसाठी : 'फक्त नायलॉनचा पोशाख. सुती कपड्यांना पाण्यात परवानगी नाही.' त्याच्याजवळ एक कोल्हापुरी जोड, एक रबरी चप्पल आणि सुती कपडे होते. मारेगाव हा कपाशीचा तालुका. त्याच्या घरच्या शेतातही कपाशीच. फोनवर वडील हसले : "आपल्या इकडं त चड्डीवरच विहिरीत उड्या मारतेत ना, बाबू."

प्रश्न किरकोळ वाटतो. पण याच पुण्यात सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका मेजवानीच्या दारात तो उभा राहिला होता, आणि तेथे उभे होते जोतीराव फुले.

मार्च १८८८. ब्रिटनचे राजपुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकर यांनी समारंभ योजला होता. शहरातील प्रतिष्ठित मंडळी आपापल्या उत्तमोत्तम पोशाखांत आली. जोतीराव आले ते गरीब शेतकऱ्याच्या वेषात : डोक्याला मुंडासे, अंगावर घोंगडी, फाटके धोतर, पायांत जुन्या वहाणा. दारावर त्यांना अडवण्यात आले आणि यजमानांनी पुढे होऊन आत नेले, असे चरित्रकार सांगतात. आत जाऊन त्यांनी राजपुत्राला सुनावले, की भरजरी वस्त्रांतली ही माणसे म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरी प्रजा पाहायची तर खेड्यांत जावे.

या प्रसंगाचे वर्णन बहुधा 'साधेपणा' या शब्दाने केले जाते. ते अपुरे आहे. जोतीराव तेव्हा कंत्राटदार म्हणून नावारूपाला आलेले होते, पुणे नगरपालिकेचे सदस्य राहिलेले होते. बरा अंगरखा आणि पगडी त्यांच्या घरी निश्चित होती. पाच वर्षांपूर्वी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या माणसाने त्या दिवशी विचारपूर्वक वेष निवडला. ज्यांच्या सारापट्टीवर ही मेजवानी उभी होती, त्यांना दारातच उभे करायचे आणि काय घडते ते सर्वांना पाहू द्यायचे, हा त्यामागचा हेतू. (त्या वेळी मारेगाव ज्या जिल्ह्यात मोडत होते, त्याचे सरकारी नाव 'वून', म्हणजे वणी, असे होते, 'यवतमाळ' हे नाव १९०५ मध्ये आले. वऱ्हाडचा कापूस मात्र तेव्हाही मँचेस्टरला पोहोचत होता.)

एवढ्यावर थांबले तर उत्तर सोपे होते : आपल्याच कपड्यांत जावे. परंतु महाराष्ट्राच्या इतिहासात याच्या नेमके उलट उत्तरही आहे, आणि तेही तितक्याच अधिकारवाणीने दिलेले.

डिसेंबर १९२७, महाड. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी भरलेली दुसरी परिषद. मनुस्मृतीचे दहन झाल्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले, आणि त्या भाषणात लुगड्याचा विषय होता. गुडघ्यापर्यंत लुगडे नेसण्याची रीत, गळ्यातले आणि हातांतले जड दागिने, या गोष्टी पाहणाऱ्याला तुमची जात दुरून सांगतात. त्या टाकून द्या, वरच्या जातींच्या स्त्रिया नेसतात तसे नेसा, कपडे स्वच्छ ठेवा, असा त्यांचा सांगावा होता. वेषाचे भांडवल वाढवावे असे त्यात काही नव्हते. जो पोशाख आपण निवडलेला नसून आपल्यावर लादलेला आहे, तो उतरवणे म्हणजे आपली ओळख गमावणे नव्हे, एवढेच त्यात होते.

फुले आणि आंबेडकर येथे परस्परविरोधी दिसतात. वस्तुतः दोघांचा रोख दारावरच्या नजरेकडेच होता. फरक इतकाच, की जोतीरावांनी तो वेष अंगावर चढवला होता आणि त्यांना तो घरी जाऊन उतरवता येत होता. महाडच्या स्त्रियांना तशी मुभा नव्हती.

जोतीरावांच्या त्या मेजवानीला शंभर वर्षे झाली त्याच साली, १९८८ मध्ये, मुंबईच्या विलिंग्डन क्लबने चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांना अनवाणी असल्याबद्दल परतवले. आकड्यांचा योगायोग, दुसरे काही नाही. कवी गजानन माधव मुक्तिबोध १९६४ मध्ये गेले, तेव्हापासून हुसेन पादत्राणे घालत नसत. पुढे २०१४ मध्ये चेन्नईत उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना वेष्टी नेसल्यामुळे क्रिकेट संघटनेच्या क्लबात प्रवेश मिळाला नाही. तमिळनाडूने त्याच वर्षी कायदा करून देशी पोशाखाला असे अडवणे दंडनीय ठरवले.

पूलचा नियम मात्र वेगळ्या जातीचा आहे. सूत पाणी शोषते, जड होते आणि पोहणाऱ्याला खाली ओढते; त्याचे तंतू गाळणयंत्रात अडकतात, कच्चा रंग पाण्यात उतरतो. नायलॉन पाणी फारसे धरत नाही. यात प्रतिष्ठेपेक्षा पाण्याचा स्वभाव अधिक आहे. मराठी पडद्यावर पोहण्याचा पोशाख गाजला तो १९३८ साली : आचार्य अत्रे यांनी लिहिलेल्या, मास्टर विनायक दिग्दर्शित 'ब्रह्मचारी'मध्ये मीनाक्षी शिरोडकर तो घालून आल्या आणि गहजब झाला. त्याच वर्षी अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने नायलॉनची घोषणा केली. तोवर विलायतेतले असे पोशाख मुख्यतः लोकरीचे वा सुती असत. सूत पाण्याबाहेर गेले ते त्यानंतर.

मारेगावचा मुलगा इतिहासाचा विद्यार्थी नाही. दुकानात उभा असताना त्याला महाड आठवले असेल असे मानण्याचे कारण नाही. नायलॉनची चड्डी त्याने कुरकुर न करता विकत घेतली. बुटांसाठी मात्र दोन दिवस घालवले. कोल्हापुरी घालूनच जायचे असे एकदा ठरवले, मग अडवले तर वर्गातल्या मुलींसमोर काय शोभा होईल ते डोळ्यांपुढे आले, आणि शेवटी खोलीतल्या सोबत्याचे बूट मागून घेतले. ते एक नंबर लहान होते. दारावरच्या माणसाने आधी पायांकडे पाहिले, मग बाजूला झाला. रात्रभर तो फारसा नाचला नाही.

रविवारी पाण्यात उतरलेल्यांपैकी बहुतेकांना पोहता येत नव्हते. ते काठाला धरून छायाचित्रे काढत राहिले. पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला हा मुलगा कठड्यावर चढला. पाणी चार फूट होते. समोर पाटी होती : 'उडी मारू नये.'