पोळ्याची माती

श्रावणी अमावास्येला खानदेशात पोळा होतो. आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी, सणाच्या दिवशी स्नान, शिंगांना रंग, पाठीवर झूल आणि मुखी पुरणपोळीचा घास. लिंबायतच्या चाळींत ना बैल, ना गोठा. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून उधना-जळगाव लोहमार्गाने आलेली कुटुंबे येथे कापडाच्या उद्योगात रुजली. तरीही पाटावर मातीची बैलजोडी मांडल्यावाचून पुष्कळ घरांतून सण पुरा होत नाही. हे बैल आता बाजारात आयते मिळतात. मात्र ते घरी घडविताना हातांना जे कळत असे, ते आयत्या बैलांबरोबर येत नाही.

पहिली गोष्ट मातीची. गावाहून येणारे कोणी आप्त पिशवीत शेतातली काळी माती आणीत. ही माती दिसायला लोण्यासारखी, पण स्वभावाने हट्टी. पाणी प्याली की फुगते, वाळली की आक्रसते आणि तडकते. शेताला उन्हाळ्यात ज्या भेगा पडतात, त्याच बैलाच्या मानेला पडतात. म्हणून ती एकटी वापरायची नाही. ढेकळे फोडून, खडे वेचून, चाळून रात्रभर भिजवावी; वरचे पाणी ओतून द्यावे; मग थोडी बारीक रेती आणि पिंजलेला कापूस मिसळून मळावी. रेतीने आक्रसणे कमी होते, कापसाने माती धरून राहते. मळलेला गोळा ओल्या फडक्यात एक दिवस मुरू द्यावा.

पायांच्या आत तुरीच्या काड्या घालाव्यात. बैल नेहमी सावलीत वाळवावा. ऊन लागले की बाहेरचा थर आधी सुकतो आणि आतली ओल त्याला फोडते. रंगाला गेरू आणि चुना पुरे. डोळ्यांना गुंजा शोभतात, पण गुंजेचे बी विषारी असते. लहान मुले असतील तेथे काजळाचे ठिपकेच बरे. झूल मात्र सुरतेची : साडीच्या कातरणी, जरीचे उरलेले धागे.

आणखी एक विचार मनात येतो. तापी मुलताईला उगम पावते, भुसावळजवळून खानदेश ओलांडते आणि सुरतेपाशी समुद्राला मिळते. वाटेतल्या शेतांची माती ती युगानुयुगे आपल्याबरोबर खाली आणीत आली. आपले वाडवडील सुरतेस येण्याच्या कितीतरी आधी खानदेशची माती येथे येऊन पोचली होती, असे म्हणण्यास हरकत नसावी. १९७२ साली उकाईचे धरण पूर्ण झाले. तेव्हापासून तिचा बराचसा गाळ जलाशयातच बसतो. धरणाने शेतीला पाणी दिले, शहराला आधार दिला. त्याबद्दल तक्रार नाही. पण वरून येणारी माती अडली, हेही खरे.

ऑगस्ट २००६ च्या महापुरात शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. पूर ओसरला तेव्हा नातलगांच्या घरांतून आम्ही फावड्याने चिखल काढला. पंधरवड्याने पोळा आला. शेजारच्या एका मुलाने विचारले, एवढी माती आहे, तर बैल का करीत नाही? त्या चिखलात गटारांचे पाणी मिसळले होते. मुलांच्या हाती तो कसा द्यावा? सारे शहर चिखलाने भरलेले, आणि जोडीपुरती माती नाही. घरातली स्वच्छ मळकी माती हे केवढे धन आहे, ते त्या वर्षी उमगले.

म्हणून एक सूचना. पोळा झाल्यावर बैल टाकू नयेत. माती भाजलेली नसल्यामुळे ती पुन्हा भिजते. काड्या आणि गुंजा काढून, गेरू-चुन्याचा थर खरवडून बैल पाण्यात ठेवावेत. विरघळलेली माती गाळून, सुकवून डब्यात जपावी. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या बैलाला हे साधत नाही. तो एकदा घट्ट झाला की पुन्हा मऊ होत नाही. डब्यातल्या मातीत दरवर्षी गावाकडची मूठभर नवी माती घालावी. गावी जाणे-येणे विरळ होत चालले आहे; तरी एका मुठीपुरते कोणी ना कोणी जातेच. आणि मळण्याचे काम नातवंडांना द्यावे. बैलाची मान वाकडी झाली तरी चालेल. माती किती ओली हवी, हे त्यांच्या बोटांना कळले म्हणजे झाले.