मंगळगडावर एक दिवस

रायगड पाहिला नाहीं असें सुशिक्षित महाराष्ट्रीय घर विरळाच. १९९६ सालापासून तेथें रोपवे झाल्यामुळें घरांतील वृद्ध मंडळींसही शिवछत्रपतींच्या समाधीचें दर्शन सुलभ झालें आहे. परंतु त्याच रायगडाच्या आग्नेयेस, महाड व पोलादपूर या गांवांच्या पूर्वेकडील डोंगराळ मुलखांत, मंगळगड ऊर्फ कांगोरी नांवाचा सुमारे अडीच हजार फूट उंचीचा किल्ला उभा आहे. त्याची वाट फारच थोडे लोक चोखाळतात. यंदाच्या हिंवाळ्यांत एक संपूर्ण दिवस या डोंगरास द्यावा, असें आम्हीं योजिलें आहे. त्या योजनेंतील विचार वाचकांस उपयोगी पडावा, म्हणून तो येथें मांडतों.

हा किल्ला मूळ जावळीच्या मोऱ्यांचा. १६५६ सालीं महाराजांनीं जावळी जिंकली, तेव्हां तो स्वराज्यांत आला व त्यास मंगळगड हें नांव मिळालें. पुढें १८१७ सालीं मद्रास सैन्यांतील हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी हैदराबादेहून पुण्यास येत असतां उरुळीजवळ पेशव्यांच्या लोकांच्या हातीं सांपडले. त्यांस प्रथम याच कांगोरीवर कैदेंत ठेविलें व नंतर वासोट्यास नेलें. १८१८ च्या एप्रिलांत वासोटा पडला, तेव्हां त्यांची सुटका झाली. बंदिवानांकरितां अशींच स्थळें निवडीत, कारण तेथें हांक मारली तरी ती कोणास ऐकूं जात नसे. जो एकांत आम्ही आज हौसेनें शोधीत जातों, तोच एके काळीं शिक्षा होता, ही गोष्ट सहलीची आंखणी करतांना विसरतां कामा नये. पाय मुरगळला तर येथें मदत लवकर पोहोंचत नाहीं.

पहिला प्रश्न ऋतूचा. पावसाळ्यांत हिरवळीच्या मोहानें या बाजूस येण्याची अलीकडे टूम आहे. आम्हीं मात्र तो बेत मुळींच केला नाहीं. या मुलखांत वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. २००५ च्या जुलैंत दासगांव, जुई, कोंडिवते व रोहण या गांवांवर दरडी कोसळल्या. आणि २२ जुलै २०२१ रोजीं तळिये येथें डोंगराचा कडा खचून ८० हून अधिक माणसें गेलीं. जेथें पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांसही डोंगराचा भरंवसा देतां आला नाहीं, तेथें पाहुण्यानें धिटाई दाखवूं नये. कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. फाल्गुनानंतर ऊन तापतें, आणि वाळलेल्या गवतावर व मुरमाच्या घसाऱ्यावर पाऊल ठरत नाहीं.

दुसरा प्रश्न वेळेचा. कोंकण रेल्वेनें वीर स्थानकावर उतरून, अथवा थेट एस्. टी. नें, आदल्या सायंकाळीं महाडास मुक्काम करावा, आणि पिंपळवाडीकडे जाणाऱ्या गाडीची वेळ तेथेंच विचारून ठेवावी. पायथ्याच्या वाडीपासून चढ दोन-तीन तासांचा. मुलें बरोबर असल्यास तास अधिक धरावा. वाडींतील एखादा जाणता गडी वाटाड्या म्हणून घ्यावा व त्याची मजुरी आधींच ठरवावी. रानांत गुरांच्या वाटा इतक्या फुटतात कीं, नकाशा जवळ असूनही माणूस भलत्याच धारेस लागतो. भ्रमणध्वनीवर विसंबूं नये. आपण किती जण वर जात आहों व केव्हां परतणार, हें वाडींत व घरीं सांगून निघावें.

गडावर कातळांत खोदलेलीं टाकीं आहेत. परंतु त्यांतील पाण्याच्या भरंवशावर न राहतां माणशीं तीन लिटर पाणी घरूनच घ्यावें. दशम्या, चटणी, गुळपापडीचे लाडू आणि लिंबू-साखर-मीठ एवढें फराळास पुरे. मध्याह्नीं माथ्यावर बसून, हवा स्वच्छ असेल तर, एकीकडे महाबळेश्वराचें पठार व प्रतापगड आणि दुसरीकडे रायगड न्याहाळावा. कड्याखालीं धूर करूं नये. आग्या मोहोळ उठल्यास पळावयास जागा नसते.

शेवटचा नियम आम्हीं सर्वांच्या संमतीनें ठरविला आहे. बारा वाजतां जेथें असूं तेथून परतावयाचें, मग माथा शंभर हात का उरला असेना. आणि एकास चढवेना झालें तर त्याला वाटेंत बसवून इतरांनीं पुढें जावयाचें नाहीं. पौषांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि रानांत अंधार त्याही आधीं पडतो. तरुण मंडळींस हा नियम प्रथम जाचक वाटला. परंतु वडील माणसें व मुलें यांस बरोबर नेण्याचा धीर त्या नियमामुळेंच येतो. गड साडेतीनशें वर्षांहून अधिक काळ तेथें आहे. तो पुढील वर्षींही असेल. घरची मंडळी मात्र सायंकाळीं मोजून तितकींच खालीं उतरलीं पाहिजेत.