काचेला न कळलेले बोट

माझ्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात एक बंद पडलेला फोन आहे. त्याच्या पाठीमागे कोपऱ्यात एक बारीक खाच आहे आणि त्या खाचेत प्लास्टिकची एक काडी खोचलेली आहे. आजच्या विद्यार्थ्यांना ती काडी दाखवली तर ती कशासाठी असावी याचा अंदाज त्यांना चटकन येत नाही. २००९ साली मी हा फोन एका मित्राकडून वापरलेला विकत घेतला, तेव्हा ती काडी हातात धरताना मला मात्र बोरूची आठवण झाली होती. आपण पुन्हा लिहिणारे झालो, असे काहीसे वाटले होते.

स्पर्शपडद्याच्या फोनची गोष्ट पुष्कळांच्या मते २००७ पासून सुरू होते. ते तितकेसे खरे नाही. आयबीएमचा 'सायमन' हा फोन १९९४ साली अमेरिकेत विक्रीला आला होता. त्याला पडदा होता, काडी होती, आणि बॅटरी जेमतेम तासभर टिकत असे. पण लोकांच्या कल्पनेत हा फोन रुजवला तो ॲपलने. जानेवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी पहिला आयफोन जगाला दाखवला तेव्हा त्यांनी दोन गोष्टींची थट्टा केली होती : एक म्हणजे इतर फोनांवरची कायमची ठोकून बसवलेली बटणे, आणि दुसरी म्हणजे ही काडी. निसर्गाने दिलेले बोट असताना काडी कशाला, असा त्यांचा एकंदर सूर होता. त्या पहिल्या आयफोनचे दोष आज वाचले तर हसू येते. मजकुराची नक्कल करून दुसरीकडे डकवण्याची सोय त्यात नव्हती. ती जून २००९ मध्ये आली. चित्रफीत घेता येत नसे. बाहेरच्यांनी केलेली ॲप्स घेण्याची सोय जुलै २००८ पर्यंत नव्हती. बॅटरी स्वतः काढून बदलता येत नसे. तरीही तो फोन जग बदलून गेला, कारण बोट आणि पडदा यांच्यामध्ये त्याने काहीच ठेवले नाही.

भारतात ऑगस्ट २००८ मध्ये त्याची पुढची आवृत्ती आली, ती एकतीस हजार रुपयांना. मी तेव्हा तालुक्याच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होतो. एकतीस हजार हा आकडा आमच्या अध्यापक-कक्षात विनोदासारखा उच्चारला जाई. म्हणून माझ्या वाट्याला आला तो काडीवाला फोन.

इथे थोडे तांत्रिक विषयांतर करणे भाग आहे. पुढचा सगळा मुद्दा त्यावरच उभा आहे. काडीवाल्या फोनचा पडदा दोन थरांचा असे. वरचा थर लवचिक. तो दाबला की खालच्या थराला टेकतो आणि कुठे दाबले ते यंत्राला कळते. दाब कशाचा आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. बोट चालते, नख चालते, काडी चालते. काचेच्या पडद्याचे तत्त्व निराळे. काचेखाली एक सूक्ष्म विद्युतक्षेत्र असते आणि विद्युतवाहक अशी आपली त्वचा जवळ आली की त्या क्षेत्रात फरक पडतो. दाबण्याची गरज नाही, नुसते टेकले तरी पुरे. पण टेकणारी वस्तू हवी ती वीज वाहणारी, म्हणजे मऊ आणि किंचित ओलसर कातडीची. नुसते नख त्याला कळत नाही.

माझ्या फोनमध्ये दोष भरपूर होते. उन्हात पडदा दिसत नसे. एकच गोष्ट उघडायला कधी एकदा, कधी दोनदा टोचावे लागे. मराठी पान उघडले की अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग उभी राही, आणि मराठीचा शिक्षक त्या रांगेकडे बघत बसे. आणखी एक दोष उशिरा ध्यानात आला. बटणांच्या फोनवर माझे विद्यार्थी बाकाखाली हात ठेवून, माझ्याकडे बघत बघत निरोप लिहीत असत. त्यांची बोटे बघत होती. सपाट पडद्यावर बोट आंधळे होते आणि डोळ्यांना तिथे गुंतून पडावे लागते.

ही गोष्ट जिला सर्वांत आधी कळायला हवी होती, ती माझी आई. ती गावाकडे राहायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तिच्याकडे बटणांचा साधा फोन होता. पाचाच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो, तो तिला मी बोटाने दाखवला होता आणि त्याच बटणावर माझा नंबर लावून दिला होता. पहाटे गोठ्यात, अंधारात, ती उंचवटा चाचपून बटण दाबून धरायची. माझा फोन वाजायचा. अक्षर न येणाऱ्या माझ्या आईला एक ठिपका वाचता येत होता.

२०१२ च्या दिवाळीत, नोकरीत कायम झाल्याच्या आनंदात, मी तिला काचेचा फोन नेला. माझा हेतू वाईट नव्हता. किंबहुना विचार करूनच नेला होता. जिला वाचता येत नाही तिच्यासाठी चित्रांचा फोन अधिक सोयीचा. तिने नातीच्या चेहऱ्यावर बोट ठेवावे आणि नातीशी बोलावे. कागदावर हे बिनतोड होते.

आईने बोट ठेवले. काहीच झाले नाही. पुन्हा ठेवले. मी म्हणालो, "दाबू नको, नुसतं टेकव." तिने टेकवले. काच ढिम्म. मी माझे बोट लावले, लगेच चित्र उघडले. तिने पदराला बोट पुसले आणि पुन्हा लावले. मग ती उठली, न्हाणीत जाऊन साबणाने हात धुऊन आली, कोरडे करून पुन्हा बसली. एखाद्या वेळी लागे, चार वेळा लागत नसे. मी वैतागलो. "तुला जमत नाही, आई," असे म्हणालो. ती आपल्या बोटांकडे बघत म्हणाली, "माज्या बोटात जीवच ऱ्हायला न्हाई जनू."

जन्मभर खुरपे धरलेली, उसाच्या पाल्याने कापलेली ती बोटे होती. त्यांच्या टोकांवर जाड, कोरडे, निबर घट्टे होते. वीज त्यांतून नीट वाहत नव्हती, इतकाच त्याचा अर्थ. हे मला नंतर कळले. गंमत अशी की, हातमोज्यातले बोट ओळखणारा नोकियाचा लुमिया ९२० हा फोन त्याच वर्षी बाजारात आला होता. म्हणजे जाड आवरणाआडचे बोट ओळखणे यंत्राला अशक्य नव्हते. हातमोजे घालणारा ग्राहक कोणाला तरी दिसला होता. घट्टे पडलेला दिसायचा होता. आणि दुसऱ्या दिवशी, प्रयोग म्हणून, मी माझा जुना काडीवाला फोन तिच्या हातात दिला तेव्हा तिने नखाने टोचले आणि तो मुकाट्याने उघडला. ज्याला आम्ही मागासलेला म्हणून कप्प्यात टाकायला निघालो होतो, तो तिला ओळखत होता.

वस्तूंचे गुण आणि दोष आपण दोन रकान्यांत मांडतो. माझ्या मते त्यात एक रकाना नेहमी राहून जातो : कोणाच्या हातात? हलक्या स्पर्शाने चालणे हा गुण माझ्या खडू धरणाऱ्या बोटासाठी होता. तोच आईच्या बोटासाठी दोष होता. पण यंत्राचा दोष तिने स्वतःच्या अंगाला लावून घेतला, आणि त्यात मी, तिचा शिकलेला मुलगा, यंत्राच्या बाजूने साक्ष दिली. ती बोच अजून गेलेली नाही.

त्याच वर्षी बी. ए.च्या वर्गात एक नवकविता शिकवत होतो. तास संपल्यावर एक मुलगा आला. त्याचे आईवडील ऊसतोडीला जात. म्हणाला, "सर, कविता चांगलीच असणार. माझंच डोकं चालत नाही." एरवी मी त्याला पुन्हा वाच म्हणून सांगितले असते. त्या दिवशी मला ते वाक्य ओळखीचे वाटले. न्हाणीतून हात धुऊन आलेली आई समोर उभी राहिली.

मी त्याला ती कविता मोठ्याने म्हणायला लावली. भजनी मंडळात वाढलेला मुलगा; ओळ कुठे तुटते, कुठे श्वास घ्यायचा हे त्याच्या कानाला माझ्यापेक्षा अधिक कळत होते. काही ओळी उघडल्या. काही शेवटपर्यंत उघडल्या नाहीत, त्याला नाहीत आणि मलाही नाहीत. कविता सोपी असावी असा माझा आग्रह अजूनही नाही. पण न उघडणाऱ्या ओळीपुढे उभ्या असलेल्या वाचकाला "तुला जमत नाही" असे म्हणण्याआधी आता मी त्याचे हात बघतो.

असो. आई २०१६ साली गेली. काचेचा फोन तिने कधीच वापरला नाही. नातीने त्यावर खेळ खेळले. आईचा बटणांचा फोन मी घेऊन आलो आणि तो त्याच कप्प्यात, काडीवाल्या फोनशेजारी ठेवला आहे. त्याचे इतर आकडे अजून स्पष्ट दिसतात. पाचाचा आकडा पुसून गेला आहे. त्यावरचा उंचवटाही जवळजवळ सपाट झाला आहे. डोळे मिटून चाचपला तरच लागतो.