बूच सापडलं, भोक सापडेना

शाळेत तंतुकणिकेची आकृती काढून खाली ‘पेशीचे ऊर्जाकेंद्र’ लिहिलं की मार्क पदरात पडायचे. आकृतीत दोन पटलं, आतल्याला घड्या. त्या पटलांतून काय आणि कशातून ये-जा करतं, ते मात्र आकृतीत नसे, आणि गंमत सगळी तिथेच आहे.

आतल्या पटलाच्या दोन बाजूंत साधारण १५० ते १८० मिलिव्होल्टचा फरक असतो. आकडा किरकोळ वाटतो, पण पटलाची जाडी जेमतेम ५-६ नॅनोमीटर. भागाकार केला तर मीटरमागे सुमारे ३ कोटी व्होल्ट! पेशीचं इंधन म्हणजे एटीपी, ते तयार होतं याच ताणाच्या जोरावर. म्हणून आतल्या पटलात उघडणारं प्रत्येक छिद्र जपून उघडावं लागतं.

*

बाहेरचं पटल त्या मानाने सैल. १९७६ साली शाइन, कोलोंबिनी आणि फिंकलस्टाइन यांनी पॅरामीशियमच्या तंतुकणिकांमधलं प्रथिन कृत्रिम मेदपटलात बसवून वीजप्रवाह मोजला. प्रवाह पायरीपायरीने वाढला. एक पायरी म्हणजे एक छिद्र. व्होल्टेज वाढवलं की छिद्र अर्धवट मिटायचं. हे व्हीडॅक. आत तयार झालेलं एटीपी पेशीत येतं ते यातूनच.

२००८ मध्ये व्हीडॅकची रचना हाती आली: नळीच्या भिंतीत १९ पट्टे. जिवाणूंच्या अशा नळ्यांत ही संख्या सम असते, इथे विषम. ज्यांनी छिद्र शोधलं त्या कोलोंबिनींनीच ‘ही नैसर्गिक रचना आहे का?’ असा सवाल टाकला. मला हा माणूस आवडला.

*

तंतुकणिका कॅल्शियम ओढून घेतात हे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच कळलं होतं. रुथेनियम रेड नावाच्या रंगद्रव्याने ते थांबतं, हेही पुढच्या दहाएक वर्षांत कळलं. पण ज्यातून ते आत जातं त्या प्रथिनाचं जनुक सापडायला २०११ उजाडलं, आणि तेही एकाच वर्षी दोन गटांना: हार्वर्डमधल्या वंशी मूथा यांच्या आणि इटलीत पाडोव्याच्या रोझारिओ रिझुटो यांच्या. मूथांच्या गटाची युक्ती सुरेख. यीस्टच्या तंतुकणिका असं कॅल्शियम घेत नाहीत, ट्रिपॅनोसोम या एकपेशीय परजीवीच्या मात्र घेतात. मग यीस्टमध्ये नसलेली आणि ट्रिपॅनोसोममध्ये असलेली जनुकं चाळत गेलं की यादी आटोपशीर होते. आधी २०१० मध्ये छिद्राचा राखणदार हाती लागला, मग छिद्र.

बेताचं कॅल्शियम आत गेलं तर ऊर्जा काढणारी विकरं जोमाने चालतात. बेताबाहेर गेलं तर पुढची कथा.

*

ती कथा डोळ्यांनी बघता येते. उंदराच्या यकृतातून काढलेल्या तंतुकणिका क्युव्हेटमध्ये घेतल्या की द्रव दुधाळ दिसतो, उजेड अडवतो. थोडं कॅल्शियम घाला: आत ओढलं जातं, काही घडत नाही. पुन्हा थोडं: तेही गेलं. असे काही घास पचतात. मग एक घास जास्त होतो. साठवलेलं सगळं कॅल्शियम एकदम बाहेर येतं आणि यंत्रावरची रेघ घसरायला लागते, कारण द्रव निवळतोय. आतल्या पटलात सुमारे १५०० डाल्टनपर्यंतचा रेणू जाईल एवढं भोक उघडलेलं असतं. व्होल्टेज संपलं, पाणी आत शिरलं, घड्या उलगडल्या, बाहेरचं पटल टरकलं. हंटर आणि हॅवर्थ यांनी १९७९ मध्ये हे नीट मांडलं. आधी बरेच जण या फुगण्याला तंतुकणिका खराब झाल्याचं लक्षण समजून सोडून देत. या दोघांनी कॅल्शियम काढून घेतलं की भोक मिटतं, हे दाखवलं. मिटतं म्हणजे ते फाटणं नव्हे, दार आहे.

*

दार कशाचं? १९८८ मध्ये क्रॉम्प्टन यांनी दाखवलं की सायक्लोस्पोरिनने ते अडतं. हे बुरशीतून मिळालेलं, मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना देतात तेच औषध. ते सायक्लोफिलिन-डी या प्रथिनाला धरतं. पण सायक्लोफिलिन स्वतः भोक नाही. संशय एटीपी-एडीपीची अदलाबदल करणाऱ्या प्रथिनावर गेला. २००४ मध्ये ते नसलेल्या उंदरांतही भोक उघडलं, फक्त कॅल्शियम जास्त लागलं. मग संशय व्हीडॅकवर गेला, २००७ मध्ये तोही फिटला. २०१३ मध्ये पाडोव्याच्या बेर्नार्दींच्या गटाने थेट एटीपी बनवणाऱ्या यंत्राकडेच बोट दाखवलं. चार वर्षांनी केंब्रिजच्या वॉकर यांच्या गटाने त्या यंत्राचा महत्त्वाचा भाग काढून टाकला, तरी भोक उघडलंच. बाटलीचं बूच हातात आहे आणि बाटलीच मिळत नाही, असा हा प्रकार.

*

दोन मरणांची गल्लत होते. वरचं भोक आतल्या पटलात, आणि त्याने ऊर्जा संपते. नियोजित पेशीमृत्यूत भोकं पाडली जातात ती बाहेरच्या पटलात, बॅक्स आणि बॅक या प्रथिनांकडून. त्यातून सायटोक्रोम-सी निसटतं. एरवी इलेक्ट्रॉनची ने-आण करणारं हे प्रथिन पेशीरसात आलं की मरणाची विकरं जागी करतं, हे १९९६ मध्ये शाओदोंग वांग यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं. बॅक्स-बॅक दोन्ही नसलेले उंदीर बहुतेक जन्मताच दगावले. वाचलेल्यांच्या बोटांमध्ये पडदे तसेच राहिले. हे मरण एटीपीशिवाय पार पडत नाही. नीट मरायलाही ऊर्जा लागते.

कर्करोगाच्या पेशी बीसीएल-२ या प्रथिनाने बॅक्स-बॅकला आवरून धरतात. तो हात सोडवणारं व्हेनेटोक्लॅक्स २०१६ पासून रक्ताच्या कर्करोगात वापरात आहे. छिद्रांच्या अभ्यासातून रुग्णाच्या हाती पडलेली ही सरळ कमाई.

*

हृदयात असं यश आलं नाही. हृदयविकाराच्या झटक्यात धमनी बंद असेपर्यंत स्नायूतल्या आम्लतेने आतलं भोक मिटलेलं राहतं. धमनी उघडली, आम्लता निवळली, ऑक्सिजन आला, आणि भोक नेमकं तेव्हा उघडतं. मग धमनी उघडण्याआधी सायक्लोस्पोरिन टोचलं तर? २००८ मध्ये फ्रान्समध्ये ५८ रुग्णांवर फायदा दिसला. २०१५ च्या मोठ्या चाचणीत ९७० रुग्ण होते: वर्षभरात मृत्यू, हृदय निकामी होणं, त्यासाठी पुन्हा भरती किंवा हृदयाचा आकार बिघडणं, यांपैकी काहीतरी औषध घेणाऱ्यांत ५९.१ टक्के, न घेणाऱ्यांत ५८.१ टक्के. छोट्या चाचणीने मोजलं होतं ते मुख्यतः रक्तात उतरलेलं विकर. मोठीने मोजलं ते माणसाचं वर्ष. शिवाय औषधाचं इंजेक्शनही दोन्हीकडे वेगळ्या घडणीचं होतं. आणि प्रयोगशाळेतला उंदीर म्हणजे रुग्ण नव्हे: उंदरांत सायक्लोफिलिन-डी जन्मापासूनच गायब करता येतं, आणि झटका आणायची वेळही संशोधकाच्या हातात असते. रुग्ण येतो तो छातीत कळ सुरू होऊन काही तासांनी.