काशीकरांच्या वर कोण?

बोईसरच्या एका महाविद्यालयात मी काही वर्षे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ शिकवले. तेंडुलकरांचे हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. त्यातली हौशी मंडळी गावात ‘अभिरूप न्यायालया’चा प्रयोग करायला आलेली असतात. रात्रीच्या खटल्यातला आरोपी अमेरिकेचा अध्यक्ष जॉन्सन, आरोप अण्वस्त्रनिर्मितीचा. तोवर वेळ घालवायला ती लुटुपुटीचा दुसरा खटला मांडतात आणि पिंजऱ्यात येते सहकारी लीला बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा.

जॉन्सनचा उल्लेख मी हसून पुढे सरकवत असे. एका पावसाळ्यात मात्र अक्करपट्टी-पोफरणच्या पुनर्वसित वसाहतीतून येणाऱ्या मुलीने विचारले, “सर, मग जॉन्सनचा खटला कुठे गेला?” नाटक आले तेव्हा याच किनाऱ्यावर, तारापूरला, अमेरिकन कंपनीच्या अणुभट्ट्या उभ्या राहत होत्या, १९६९ मध्ये त्या सुरू झाल्या. पुढे तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी तिची गावे उठली. वीज वेगळी, अस्त्र वेगळे, असे मी तिला सांगितले. तिने ते विचारलेच नव्हते.

दूरचा आरोपी कधीच हजर होत नाही. हाताशी असतो तोच सापडतो. न्यायाधीश काशीकर आसन सोडून स्वतःच साक्ष देतात आणि निकालही तेच सुनावतात. खऱ्या न्यायालयात असे घडले तर वर दाद मागता येते. या न्यायालयाच्या वर कोणीच नाही. ते खोटे आहे, म्हणूनच सर्वोच्च आहे. ‘खेळच तर होता’ असे सगळे म्हणणार. मग अपील कशाविरुद्ध करायचे?

हे मी फळ्यावर मुद्दे काढून शिकवत होतो. आदल्या हिवाळ्यात आमच्या शिक्षककक्षात चहाबरोबर एका तरुण सहकारी बाईंची चौकशी चाले. त्या कोणाबरोबर दिसतात, कोणत्या गाडीने जातात. मी त्यात एकच वाक्य घातले होते : “परवा पालघर स्टेशनवर दोघांना पाहिले.” खोटे नव्हते ते. जूनमध्ये बाई परतल्या नाहीत. कोणी काढले नव्हते. राजीनामा त्यांनीच दिला होता.

त्या मुलीला मी म्हणालो, “तिसऱ्या अंकात बघू.” तो अंक आम्ही पुढच्या आठवड्यात वर्गात वाचला. भूमिका वाटून झाल्या. काशीकरांचे संवाद दरवर्षी मीच वाचत असे. त्याही वर्षी मुले माझ्याकडेच बघत होती.

मी वाचले.